क्लच दुरुस्त करता करता मोटारींचा कारखाना उभारणारे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी

जगातील अत्यंत वेगवान आणि महागड्या मोटारींवर आज ज्यांचे आडनाव झळकते, ते फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे द्राक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे पुत्र होते. पेशाने ते यंत्र दुरुस्त करणारे मिस्त्री होते आणि त्यांना पैसा व प्रतिष्ठा मिळवून दिली ती ट्रॅक्टरने. मोटारीच्या धंद्यात ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी उतरले. त्याचे निमित्त ठरला एका महागड्या स्पोर्ट्स मोटारीचा वारंवार घसरणारा क्लच. दोष कोठे आहे ते आधी हुडकायचे आणि मगच पाना हाती घ्यायचा, ही मिस्त्रीची शिस्त त्यांनी उद्योगपती झाल्यावरही सोडली नाही. त्यांच्या कारखान्याने बनवलेल्या गिअरबॉक्सचा इतिहास त्या शिस्तीची साक्ष देतो.

शेतातून कार्यशाळेकडे

उत्तर इटलीत बोलोन्या आणि फेरारा या शहरांच्या दरम्यान चेन्तो नावाचे गाव आहे. त्याच्या लगतच्या रेनाझ्झो या वस्तीत २८ एप्रिल १९१६ रोजी फेरुच्चो यांचा जन्म झाला. वडील अन्तोनिओ आणि आई एवेलिना शेती करीत. मुलाचे मन मात्र पिकापेक्षा अवजारांत अधिक रमे. हा ओढा ओळखून त्यांना बोलोन्याजवळील तांत्रिक शाळेत घालण्यात आले. तेथून बाहेर पडल्यावर कार्यशाळांतून काम करीत त्यांनी इंजिनाची विद्या हाताखालून घातली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांची नेमणूक इटलीच्या हवाई दलात मेकॅनिक म्हणून भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटावर झाली. तेथील लष्करी वाहनांची देखभाल त्यांच्याकडे होती. युद्धकाळात बेटावर सुटे भाग पोहोचणे दुरापास्त होते. मोडलेल्या एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवायचा, जो भाग मिळणार नाही तो हाताने घडवायचा, असा तो काळ होता. १९४५ मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले आणि फेरुच्चो युद्धकैदी झाले. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले आणि गावाजवळ त्यांनी गॅरेज थाटले. १९४७ मध्ये पुत्र तोनिनो याच्या जन्माच्या वेळी पत्नी क्लेलिया यांचे निधन झाले. या आघातानंतर त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले.

युद्धाने पोळलेल्या इटलीत त्या वेळी धान्याची निकड होती आणि शेतीसाठी ट्रॅक्टर हवे होते. नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत मात्र लहान शेतकऱ्यांत नव्हती. दुसरीकडे सैन्याने टाकून दिलेली वाहने भंगाराच्या भावात मिळत होती. फेरुच्चो यांनी हा सांधा जुळवला. मॉरिस ट्रकांची जुनी इंजिने आणि लष्करी गाड्यांचे डिफरन्शियल वापरून त्यांनी ‘कारिओका’ नावाचा ट्रॅक्टर तयार केला. पेट्रोल महाग असल्याने इंजिन पेट्रोलवर सुरू करून नंतर स्वस्त इंधनावर चालवता यावे, अशी सोय त्यांनी त्यात केली. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेन्तोच्या चौकात हा ट्रॅक्टर शेतकऱ्यांपुढे मांडण्यात आला आणि मागणी सुरू झाली.

त्याच वर्षी त्यांनी स्वतः फेरफार केलेली छोटी फियाट तोपोलिनो घेऊन मिल्ले मिलिया या प्रसिद्ध शर्यतीत भाग घेतला. सुमारे ११०० किलोमीटर धावल्यावर मोटार रस्त्याकडेच्या एका खानावळीच्या भिंतीवर आदळली आणि शर्यत तेथेच संपली. पुढे मोटारींचा कारखाना काढल्यावरही कंपनीने शर्यतीत उतरू नये, या मतावर ते ठाम राहिले.

घसरणाऱ्या क्लचची गोष्ट

पन्नासच्या दशकात ट्रॅक्टरचा उद्योग भरभराटीला आला. १९६० मध्ये त्याला घरे उबदार ठेवणाऱ्या बर्नर आणि वातानुकूलन यंत्रांच्या कारखान्याची जोड मिळाली. हाती पैसा आला, तसा वेगवान मोटारींचा जुना छंद पुन्हा जागा झाला. मासेराती, जग्वार, मर्सिडीज अशा नामांकित मोटारी त्यांच्या दारी आल्या. फेरारीची २५० जीटीही आली आणि तिने त्यांना अस्वस्थ केले.

तक्रार क्लचची होती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारा क्लच हा मोटारीतील सर्वाधिक झिजणाऱ्या भागांपैकी एक. इंजिनाला जोडलेल्या जड फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट एक खरखरीत तबकडी दाबून धरते आणि त्या घर्षणातून इंजिनाची शक्ती चाकांकडे जाते. चालकाने पायाखालचा पेडल दाबला की दाब सुटतो, तबकडी मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. दाब कमी पडला, तबकडी झिजली किंवा तिच्यावर तेल आले, तर ती घसरू लागते. मग इंजिन ओरडते, फेरे वाढतात, पण गाडी त्या प्रमाणात पुढे सरकत नाही.

लॅम्बोर्गिनी यांच्या सांगण्यानुसार, त्यांच्या मोटारीचा क्लच वारंवार घसरे. दर वेळी ती मारानेल्लोच्या कारखान्यात न्यावी लागे. तेथे मोटार काही तास आत ठेवून दुरुस्त करून दिली जाई, काम मात्र पाहू दिले जात नसे. थोड्या दिवसांनी दुखणे पुन्हा डोके वर काढी. अखेर त्यांनी मोटार स्वतःच्या ट्रॅक्टर कारखान्यात आणून उघडली. आपण ट्रॅक्टरला बसवतो त्याच जातीचा क्लच या मोटारीत आहे आणि या इंजिनाच्या ताकदीच्या मानाने तो अपुरा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तेथे अधिक मोठा क्लच बसवला आणि तक्रार मिटली.

हा उपाय ट्रॅक्टर बनवणाऱ्यालाच सुचावा, यात नवल नाही. नांगराचा फाळ जमिनीत रुतला की ट्रॅक्टरच्या क्लचवर एकदम ओझे येते. दिवसभर थांबत, पुन्हा निघत, ढेकळांतून ओढत त्याला राबावे लागते. त्यामुळे ट्रॅक्टरच्या कारागिराला क्लचची तबकडी किती रुंद हवी आणि तिच्यावरचा दाब किती हवा, याचा अंदाज अनुभवानेच आलेला असतो. वेगासाठी वजन कमी ठेवणाऱ्या मोटारीच्या रचनाकाराची दृष्टी निराळी असते. एकाच भागाकडे पाहणाऱ्या या दोन दृष्टी त्या कार्यशाळेत समोरासमोर आल्या.

आपले निरीक्षण लॅम्बोर्गिनी यांनी एन्झो फेरारी यांच्या कानावर घातले. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने स्पोर्ट्स मोटारीबद्दल शिकवू नये, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे ते पुढे अनेकदा सांगत. या भेटीची हकिकत मुख्यतः त्यांच्याच तोंडून जगापुढे आली असून तिच्या अनेक आवृत्त्या प्रचलित आहेत. अपमानाचा भाग बाजूला ठेवला, तरी त्यामागे धंद्याचा हिशेबही होता. जो भाग ट्रॅक्टरमध्ये माफक किमतीला विकला जातो, त्याच जातीच्या भागाला उंची मोटारीत कितीतरी अधिक मोल मिळते, हे त्यांनी ओळखले होते.

सान्तागाताचा कारखाना

१९६३ मध्ये बोलोन्याजवळील सान्तागाता बोलोन्येझे येथे ‘आउतोमोबिली लॅम्बोर्गिनी’ ही कंपनी स्थापन झाली. इंजिनाची रचना पूर्वी फेरारीत काम केलेले अभियंते जोत्तो बिझ्झारिनी यांच्याकडे सोपवण्यात आली. साडेतीन लिटरचे बारा सिलिंडरचे ते इंजिन इतके भक्कम निघाले की त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे अनेक दशके वापरात राहिल्या. जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे विशीतले अभियंते मोटारीच्या रचनेला जुंपले गेले. चाचणीचालक आणि मेकॅनिक म्हणून न्यूझीलंडचे बॉब वॉलेस आले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्यूरिनच्या प्रदर्शनात पहिला नमुना मांडला गेला. त्यात इंजिन बसेना, म्हणून वजन साधण्यासाठी बॉनेटखाली विटा ठेवून ते बंद ठेवण्यात आले, अशी आठवण सांगितली जाते. पुढच्या वर्षी ३५० जीटी ही मोटार बाजारात आली. तिच्यात जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स होता.

बाहेरून घेतलेल्या या गिअरबॉक्सवर लॅम्बोर्गिनी समाधानी नव्हते. लांबच्या प्रवासात चालकाला थकवा येऊ नये, गिअर सहज पडावा आणि आवाज कमी व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. १९६६ च्या ४०० जीटीपासून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल कंपनीच्याच आराखड्यानुसार तयार होऊ लागले. नव्या गिअरबॉक्सच्या सर्व गिअरांना सिंक्रोमेशची जोड होती.

सिंक्रोमेशचे काम वरवर साधे वाटते. गिअर बदलताना जुळणाऱ्या दोन भागांची गती वेगवेगळी असते. गती जुळण्याआधीच दाते एकमेकांत घातले, तर खरखर होते आणि दात्यांच्या कडा झिजतात. जुन्या गाड्यांत चालकाला क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करून ही गती स्वतः जुळवावी लागे. भारतातील जुन्या ट्रकांच्या चालकांना हे ‘डबल क्लच’चे तंत्र चांगले परिचित आहे. सिंक्रोमेशमध्ये दात्यांच्या आधी एक कडी घर्षणाने ही गती जुळवून घेते आणि तोवर दात्यांना अडवून धरते. कडी झिजली की हा अडसर दुबळा होतो आणि खरखर पुन्हा ऐकू येऊ लागते.

मिउराचे तेल आणि कुन्ताशचा दांडा

कंपनीच्या तरुण अभियंत्यांच्या मनात मात्र याहून धाडसी मोटार घोळत होती. कामाचे तास संपल्यावर ते तिचे आराखडे आखत. बारा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवायचे आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल त्याच ओतीव सांगाड्यात सामावायचे, अशी ती कल्पना होती. जाहिरात म्हणून तरी उपयोग होईल, या विचाराने लॅम्बोर्गिनी यांनी संमती दिली. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘मिउरा’ अवतरली आणि स्पोर्ट्स मोटारीच्या रचनेचे मापदंडच बदलले. झुंजार बैलांची पैदास करणाऱ्या स्पॅनिश घराण्यावरून तिचे नाव ठेवण्यात आले होते.

या देखण्या मोटारीतही गिअरशी निगडित एक दुखणे दडलेले होते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल वापरावे लागे. इंजिनाला उष्णतेत पातळ राहून झटपट वाहणारे तेल मानवते. गिअरच्या दात्यांना प्रचंड दाबाखालीही थर न तुटणारे तेल हवे असते. शिवाय गिअर बदलताना दात्यांतून सुटणारे धातूचे कण त्याच तेलातून इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत जाण्याचा धोका होता. गिअरचा दांडा चालकाजवळ आणि गिअरबॉक्स पाठीमागे इंजिनाच्या पलीकडे, त्यामुळे मधली जोडणी लांब झाली आणि गिअर टाकताना हाताला जोर लावावा लागे.

कंपनीने या दोषांवर टप्प्याटप्प्याने उपाय शोधले. १९७१ मध्ये आलेल्या मिउरा एसव्ही या आवृत्तीच्या अखेरच्या मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या तेलाच्या टाक्या वेगळ्या करण्यात आल्या. लांब जोडणीचा प्रश्न स्तान्झानी यांनी पुढच्या ‘कुन्ताश’ या मोटारीत मुळापासून सोडवला. त्यांनी इंजिन उभे बसवून गिअरबॉक्स त्याच्या पुढे, थेट दोन आसनांच्या मध्ये आणला. दांडा गिअरबॉक्सच्या डोक्यावरच आल्याने मधल्या लांबलचक सळ्यांची गरज उरली नाही. तेथून शक्ती इंजिनाच्या तळातून जाणाऱ्या दंडाने मागच्या चाकांकडे नेण्यात आली. मार्चेल्लो गान्दिनी यांनी रेखाटलेल्या या मोटारीचा नमुना १९७१ मध्ये जिनिव्हात झळकला. चालकाच्या हाताला जाणवणारी अडचण दूर करण्यासाठी संपूर्ण मोटारीची मांडणी बदलण्याचे हे उदाहरण अभियांत्रिकीत आजही लक्षणीय मानले जाते.

मालकी सुटली

कुन्ताशचे उत्पादन सुरू होईपर्यंत मात्र कंपनीची सूत्रे संस्थापकाच्या हाती राहिली नव्हती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी इटलीत कामगारांचा असंतोष तीव्र झाला होता. त्यातच बोलिव्हियाकडून आलेली ट्रॅक्टरची मोठी मागणी तेथील सत्तांतरानंतर रद्द झाली आणि तयार माल अंगावर पडला. मोटारींचा खर्च ज्या ट्रॅक्टरच्या नफ्यावर चाले, तो आधारच डळमळीत झाला. लॅम्बोर्गिनी यांनी १९७२ मध्ये मोटार कंपनीचे ५१ टक्के समभाग स्विस उद्योजक जॉर्जेस-हेन्री रोसेटी यांना विकले. उरलेले ४९ टक्के १९७४ मध्ये रेने लाइमर यांच्याकडे गेले. दरम्यान ट्रॅक्टरचा उद्योग इटलीच्याच ‘सामे’ या कंपनीने घेतला.

वयाची साठीही गाठली नसताना, ज्या दोन उद्योगांनी नाव दिले ते दोन्ही हातचे गेले. कुरकुर करीत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. उम्ब्रिया प्रांतातील ट्राझिमेनो तलावाकाठी पानिकारोला येथे त्यांनी जमीन घेतली होती. तेथे ते पुन्हा वडिलांच्या व्यवसायाकडे, द्राक्षांच्या मळ्याकडे वळले. मळ्यातील मद्यालाही त्यांनी मिउराचेच नाव जोडले. २० फेब्रुवारी १९९३ रोजी पेरूजा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७६ वर्षांचे होते.

जुन्या मोटारींना लागू पडणारा धडा

साठ-सत्तरच्या दशकांतील स्पोर्ट्स मोटारी आज संग्राहकांच्या ठेवी झाल्या आहेत. त्यांच्यात वारंवार आढळणारी तक्रार आजही गिअर न पडण्याचीच असते. अशा वेळी लगेच गिअरबॉक्स उघडण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा त्याच्या बाहेर असतो आणि तो हुडकण्याची एक क्रमवार रीत आहे.

इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण सुरू केल्यावर पहिला आणि रिव्हर्स गिअर खरखरतात, तर क्लच पूर्णपणे सुटत नाही असे समजावे. मग केबलचा ताण किंवा हायड्रॉलिक सिलिंडरमधील गळती आणि हवा तपासावी लागते. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तर जोडणीतील झिजलेले बुश, वाकलेली सळई किंवा सुकलेले ग्रीस यांकडे पाहावे. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. लॅम्बोर्गिनी यांच्या मोटारीचे दुखणे नेमके हेच होते. एकाच ठरावीक गिअरला खरखर येत असेल, तरच संशय त्या गिअरच्या सिंक्रोमेश कडीवर जातो आणि गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येते.

तेलाची निवडही दुर्लक्षिण्याजोगी नाही. जुन्या गिअरबॉक्समधील अनेक कड्या पितळी असतात. जीएल-५ वर्गातील काही तेलांतील रसायने पितळेला बाधतात, म्हणून अशा अनेक गाड्यांना जीएल-४ वर्गाचे तेल सांगितलेले असते. त्याबाबत निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानणे हिताचे. थंड तेल घट्ट असते, त्यामुळे सकाळी पहिल्या काही किलोमीटरमध्ये दुसरा गिअर अडला तर जोर न करता तेल तापू द्यावे. दांड्यावर बळजबरी केल्याने बरा होऊ शकणारा दोष कायमचा होतो आणि ज्यांचे सुटे भाग आता दुर्मीळ आहेत, अशा मोटारींत तो फार महागात पडतो.

लॅम्बोर्गिनी या नावाच्या मोटारी आता जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहातील आउडी कंपनीच्या छत्राखाली बनतात आणि त्यांचे गिअर स्वयंचलित यंत्रणा बदलते. ट्रॅक्टरचे नाव ‘सामे’पासून वाढलेल्या एसडीएफ समूहाकडे आहे. या समूहाचा एक कारखाना तमिळनाडूतील राणीपेट येथेही आहे. पुत्र तोनिनो यांनी वडिलांच्या स्मरणार्थ उभारलेले संग्रहालय २०१४ पासून बोलोन्याजवळील आर्जेलातो येथे आहे. लष्करी भंगारातून घडलेला ट्रॅक्टर आणि मिउरा तेथे एकाच छताखाली पाहायला मिळतात.